आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा

मुलगी अमेरिकेत स्थिरावली, बाळाची चाहूल लागली, की पुण्या-नाशकातल्या, कोल्हापूर-सोलापुरातल्या घरात पुढचे काही महिने एकच विषय असतो. आईबाबांचा व्हिसा. मग सल्ले सुरू होतात. बँकेत इतके लाख दाखवा, फ्लॅटचे कागद न्या, जावयाचं पत्र नोटरी करून घ्या. कागदांची फाइल फुगत जाते, पण समोरचा अधिकारी नेमकं काय तपासणार आहे हे आईबाबांना कुणी सांगत नाही. ते एकदा समजलं की निम्मी धास्ती जाते.

अमेरिकेचा इमिग्रेशनचा मूळ कायदा १९५२ चा. त्यातलं कलम २१४ (बी) सांगतं की पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. पासष्टीच्या, आयुष्यभर सरळमार्गी नोकरी केलेल्या माणसाला हे खटकतं, आणि त्यात नवल नाही. पण कायद्याचा हा रोख कुणा एकावर नाही, सगळ्यांवर सारखाच आहे. अधिकाऱ्याला शोधायचं असतं एवढंच: ही माणसं भेटून परत येतील ना? अर्जातला जवळजवळ प्रत्येक रकाना आणि खिडकीवरचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न याच दिशेने जातो.

मुलांना भेटायला जाण्यासाठीचा व्हिसा म्हणजे बी-२. बी-१ हा कामकाजाच्या बैठका, परिषदा वगैरेंसाठी. भारतीयांना सहसा दोन्ही मिळून बी-१/बी-२ असा एकच व्हिसा देतात, तोही बहुतेकदा १० वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा. त्यावर फिरता येतं, नातेवाइकांकडे राहता येतं, औषधोपचार करून घेता येतात. नोकरी करता येत नाही. बाळंतपणाला लेकीजवळ असणं, नातवंडांबरोबर चार महिने घालवणं हा भेटीचा सरळ हेतू आहे आणि तो तसाच सांगावा. मात्र ‘मुलं कामाला जातात, बाळाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून चाललो’ हे निराळं वाक्य आहे. ते ऐकून अधिकाऱ्याला पगारी बाईच्या जागी आजीला नेताहेत असं वाटू शकतं. शब्द फिरवायला मी सांगत नाही. आजी-आजोबांना केवळ बाळ सांभाळायला आळीपाळीने बोलावण्याचा बेत खरोखरच असेल, तर तो बेत मुलांनीच आधी तपासून पाहावा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो डीएस-१६० या अर्जाला. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि बहुतेक घरांत तो मुलं तिकडे बसून, रात्री जागून भरतात. भरायला हरकत नाही. पण अर्जाच्या शेवटी, भरताना कुणी मदत केली का, असं विचारलेलं असतं. तिथे ‘हो’ म्हणून मुलाचं नाव द्यावं. शेवटचं सबमिटचं बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं, कारण तीच त्याची सही. त्याआधी पूर्ण अर्ज आईबाबांना वाचून दाखवावा. आपल्या नावाने काय लिहिलंय हे माहीत नसलेला माणूस खिडकीवर अडखळतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

नावापासून सुरुवात करू. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत असतं. अर्जात अगदी तसंच उतरवायचं. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाची ओळ कोरीच असते. अशा वेळी जे नाव आहे ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात ‘एफएनयू’ ही तीन अक्षरं लिहायची असतात. शक्य असेल तर आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा. तिकिटापासून पुढे सगळीकडे त्रास वाचतो.

पुढचा रकाना विचारतो, तुम्ही आणखी कुठल्या नावाने ओळखले जात होता का? इथे आपल्याकडच्या बायकांना विचारात पडायला होतं. आधीच्या पिढीत लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायचे. माहेरच्या कुसुम देशमुख सासरी येऊन सुनंदा पाटील झाल्या, आणि शाळेचा दाखला अजून कुसुमच्याच नावाचा. अशा वेळी माहेरचं पूर्ण नाव या रकान्यात न विसरता लिहायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण राहून गेलं तर पुढे कुठल्या तरी कागदावर ते वर येतं. जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेल्या पिढीतल्या माणसांनी पासपोर्टवर आहे तीच तारीख सगळीकडे द्यावी. घरी वाढदिवस कधीही करोत. पूर्ण नाव मूळ लिपीत लिहिण्यासाठी एक रकाना असतो, तेवढं देवनागरीत टाकता येतं. बाकी अर्ज इंग्रजी अक्षरांत.

आणखी तीन प्रश्न जपून वाचावेत. पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आहे का? वीस वर्षांपूर्वीचा नकारही त्यांच्या नोंदीत असतो, म्हणून ‘हो’ लिहून थोडक्यात कारण द्यावं. दुसरा प्रश्न, तुमच्या वतीने कुणी कायम वास्तव्यासाठी अर्ज केला आहे का? मुलगा तिथला नागरिक झाला आणि त्याने आईबाबांच्या ग्रीन कार्डासाठी आय-१३० भरला असेल, तर इथे ‘हो’च लिहावं लागतं. त्यानंतर पाहुण्याचा व्हिसा मिळणं अवघड होतं. म्हणूनच आधी भेट द्यायची की थेट ग्रीन कार्डाच्या वाटेला लागायचं, हे घरात बसून आधी ठरवावं. तिसरा, गेल्या ५ वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांचा. बाबांचं फेसबुक खातं नातवाने काढून दिलेलं असलं तरी ते बाबांचंच. ते लिहायचं.

खोटं उत्तर, मग ते कितीही किरकोळ वाटो, या अर्जात सगळ्यात महाग पडतं. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर दार कायमचं बंद होऊ शकतं. ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहावं ते याचसाठी.

अर्जाचं शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. २०२५ च्या नव्या कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद आहे, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच पुढे जावं. मग दोन वेळा घ्यायच्या. पहिली फोटो आणि दहा बोटांच्या ठशांची, दुसरी मुलाखतीची. डीएस-१६० च्या पावतीवरचा बारकोड आणि वेळ घेताना दिलेला क्रमांक एकच असला पाहिजे. अर्ज दुरुस्त करून नव्याने भरला की क्रमांक बदलतो आणि नेमकं तेच राहून जातं. मुंबईत तारीख लांबची मिळत असेल तर दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता यांपैकी कुठलीही चालते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बरीच आखडली आहे. पूर्वी ऐंशी आणि त्यापुढच्या माणसांना सहसा जावं लागत नसे, आता जावं लागतं. विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नये.

मुंबईचा वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाइल, मोठी पिशवी आत नेता येत नाही, तेव्हा सोबत बाहेर थांबणारं कुणी असलेलं बरं. आत रांग, मग खिडकी, काचेपलीकडे अधिकारी. नवरा-बायको एकत्र जात असतील तर दोघं एकाच खिडकीवर उभी राहतात. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलता येतं, आणि तेच करावं. मोडक्या इंग्रजीत अर्धवट सांगण्यापेक्षा मराठीत नीट सांगितलेलं केव्हाही चांगलं.

मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांत संपते. कशासाठी जाताय? मुलगा काय करतो, कुठे राहतो, किती वर्षं आहे? तुम्ही काय करत होता? खर्च कोण करणार? आधी कुठे परदेशी गेला होतात? घरी आणखी कोण आहे? उत्तरं लहान असावीत आणि विचारलं तेवढंच सांगावं. ‘मुलगा ऑस्टिनला असतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मार्चमध्ये नात झाली, तिला बघायला चाललोय, ऑगस्टमध्ये परत येऊ, गणपती घरी असतात.’ यात जाण्याचं कारण आहे, मुदत आहे आणि परतण्याचं कारणही आहे. पाठ केलेलं उत्तर चेहऱ्यावर दिसतं, म्हणून पाठ काही करू नये. पण मुलाच्या कंपनीचं नाव, त्याचा तिथला व्हिसा कुठला किंवा ग्रीन कार्ड आहे का, हे आईलाही माहीत असावं. ‘ते यांनाच विचारा’ असं म्हणून बायको बाजूला झाली की अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कागद न्यावेत जरूर: निवृत्तिवेतनाचा कागद, बँकेचं पासबुक, मुलाच्या व्हिसाची आणि नोकरीची प्रत. पुष्कळदा एकही कागद मागितला जात नाही आणि माणसं हिरमुसतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकी परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं की पाहुण्याच्या व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र किंवा खर्चाची हमी लागत नाही. अर्जदाराची स्वतःची परिस्थिती पाहिली जाते. अचानक कुठून तरी आणून खात्यात भरलेले दहा लाख पाहून उलट शंकाच येते.

व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात. कधी कलम २२१ (जी) ची चिठ्ठी मिळते, म्हणजे काही तपास किंवा एखादा कागद बाकी आहे. थांबायचं आणि मागितलेलं द्यायचं. २१४ (बी) खाली नकार आला तर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करायला ठरावीक मुदतीचं बंधनही नाही. परिस्थितीत काही बदल झालेला नसेल, तर लगेच दुसऱ्या महिन्यात तीच उत्तरं घेऊन जाण्यात पैसेच जातात. घरातला हा नकार अपमानासारखा मनात धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. परत येण्याची खात्री त्या दिवशी त्या अधिकाऱ्याला पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पासपोर्ट आला की तिथेच उघडून नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक ताडून पाहावा. आणि आता सगळ्यात जास्त घोटाळा होणारी गोष्ट. व्हिसावर २०३५ असं लिहिलंय म्हणून २०३५ पर्यंत राहता येत नाही. ती तारीख फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत कधीपर्यंत जाता येईल ते सांगते. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा सीमा अधिकारी ठरवतो. बी-२ वर सहसा ६ महिने देतात. ती नोंद आय-९४ या नावाने ऑनलाइन असते. हल्ली पुष्कळदा पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत, म्हणून पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलांनी आय-९४ उघडून तारीख पाहावी आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

ती तारीख उलटून राहिलं तर १० वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून अधिक जास्तीचं राहून निघालं तर ३ वर्षं, वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिलं तर १० वर्षं प्रवेशबंदी लागते. आजारपण आलं, गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तर मुदत संपण्याआधी आय-५३९ भरून वाढ मागता येते. आरोग्य विमा व्हिसासाठी सक्तीचा नसला तरी तो काढूनच निघावं. तिथल्या एका रुग्णालयाच्या बिलाने मुलाची कित्येक वर्षांची बचत जाऊ शकते. आणि ६ महिने मिळतात म्हणून दरवर्षी ६ महिने तिथे, ६ महिने इथे असा पायंडा पाडू नये. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विमानतळावरचा अधिकारी तोच जुना प्रश्न विचारतो: तुमचं घर नेमकं कुठे आहे?

पासपोर्टची मुदत व्हिसाच्या आधी संपली तर नवा व्हिसा काढावा लागत नाही. व्हिसाचं पान शाबूत असलेला जुना पासपोर्ट आणि नवा पासपोर्ट असे दोन्ही बरोबर ठेवायचे, आणि दोन्ही हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नव्हे.