मुक्या सोबत्याला निरोप

पोळा जवळ आला की गावाचे रूप पालटते. श्रावणातली अमावस्या म्हणजे बैलांचा दिवस. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचे. पोळ्याला त्याला नदीवर नेऊन धुवायचे. शिंगे रंगवायची, अंगावर झूल घालायची, गळ्यात घुंगरमाळ बांधायची आणि पुरणपोळीचा घास भरवायचा. वर्षभर ज्याने आपला नांगर ओढला, त्याच्या पाया पडायचे. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, पाठीवर आसूड नाही.

पण ज्या घरची दावण रिकामी झाली, त्या घरी पोळा कसा येतो?

२०२१ साली आपल्या चाळीसगाव तालुक्याने हे पाहिले. त्या साली पोळा ६ सप्टेंबरला होता. ३० ऑगस्टच्या रात्री कन्नड घाटाच्या डोंगरात फार मोठा पाऊस झाला. घाटात दरडी कोसळल्या. तितूर आणि डोंगरी या नद्या एकाएकी फुगल्या. ३१ तारखेला पाणी चाळीसगाव शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरले. माणसे जीव घेऊन उंचावर गेली. पण जनावरे गोठ्यात दाव्याला बांधलेली होती. शेकडो जनावरे बुडून मेली, नाहीतर वाहून गेली.

पाणी ओसरल्यावर आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो. घरधनी ओट्यावर बसला होता. आमच्याकडे न पाहताच तो म्हणाला, "गुरुजी, मनी जोडी गयी." पुढे काही बोलला नाही. शेजारी त्याची समजूत घालत होते, "अरे, माणसं वाचली ना? जनावराचं काय एवढं?" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ते ऐकून त्या गड्याने मान आणखी खाली घातली.

पोळ्याच्या दिवशी त्याच्या बायकोने मातीचे दोन बैल केले. ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीचे बैल पुजतात, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. तिने ते बैल रिकाम्या खुंट्यांपाशी पाटावर ठेवले. हळदकुंकू वाहिले, नैवेद्य दाखवला. तेव्हा तो गडी मोठ्याने रडला. आणि रडून झाल्यावर, पुरानंतर पहिल्यांदाच, पोटभर जेवला.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट उमगली. माया लावलेले जनावर गेले म्हणजे त्याला निरोप द्यावा लागतो. निरोप राहून गेला की दुःख मनात साचून राहते. हा निरोप कसा द्यावा, ते आज आपण पाहू.

रडण्यात लाज कसली?

काही लोक म्हणतात, जनावरासाठी रडणे हा वेडेपणा आहे. तसे नाही. थोरामोठ्यांनीही असे दुःख केले आहे.

साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांचा एक लाडका कुत्रा होता. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली गाव आहे. तेथे त्या कुत्र्याची समाधी बांधलेली आहे.

अलीकडची गोष्ट घ्या. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी पोलिसांच्या झंजीर नावाच्या कुत्र्याने लपवलेली स्फोटके हुंगून काढली. कितीतरी माणसांचे प्राण वाचले. २००० साली कर्करोगाने झंजीर गेला. तेव्हा पोलिसांच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी त्याला फुले वाहून मानाने निरोप दिला.

फार जुन्या काळी मिसर देशात घरचे मांजर मेले तर घरातली माणसे भुवया काढून टाकीत. कुत्रा मेला तर डोके आणि सगळे अंग भादरीत. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या लेखकाने हे लिहून ठेवले आहे. म्हणजे पाहा, देश कोणताही असो, मुक्या सोबत्यासाठी माणसाचे डोळे भरून येतातच.

आमचा राहिलेला निरोप

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा लहान होतो. विहिरी आटल्या, कडबा संपला. आमच्या घरी हौश्या नावाचा बैल होता. आम्ही त्याच्या पाठीवर बसूनच नदीवर जात असू. एके दिवशी शाळेतून आलो, तर खुंटी रिकामी. वडिलांनी त्याला बाजारात नेऊन विकले होते. आम्हाला कोणी काही सांगितले नाही. "आबा, हौश्या कुठं?" असे विचारले, तर आबा उठून बाहेर गेले. आम्ही कित्येक दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे आबा वारले. त्यांच्या पेटीत कोर्टाचे कागद होते, आईचे डोरले होते, आणि त्यांच्याखाली फडक्यात बांधलेली हौश्याची घुंगरमाळ होती. तेव्हा आम्हाला कळले, की त्या दिवशी बाहेर जाऊन आबा काय करत होते.

आबांचा नाइलाज होता. बैलाला घालायला चारा नव्हता. विकण्याबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाही. पण त्यांनी सकाळी आम्हाला उठवून म्हटले असते, "चल, हौश्याला पाणी दाखव. तो आज जाणार आहे," तर बापलेकांना एकमेकांजवळ रडता आले असते. म्हणून सांगतो, बंधूंनो आणि भगिनींनो, मुलांपासून हे लपवू नका. "पळून गेला" असे खोटे सांगू नका. खरे सांगा. मुलांना त्याच्या अंगावरून हात फिरवू द्या.

निरोप जिवंतपणी सुरू होतो

बैलाचे वय दातांवरून कळते. दोनदाती, चौदाती, सहादाती आणि मग जुळलेला. पुढे दात झिजतात. मग त्याला लांब कडबा चावता येत नाही. तो हाडकतो, आणि आपण म्हणतो, "आता हा थकला." अशा बैलाला बारीक कुट्टी द्या. सरकीची पेंड भिजवून द्या. पाणी जवळ ठेवा. जोडीच्या तरण्या बैलाबरोबर एकाच गव्हाणीत त्याला चारा घालू नका. तरणा बैल त्याचा घास खाऊन टाकतो.

२०१५ पासून महाराष्ट्रात वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे. म्हणून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले आहे. काही जण रात्री त्याचे दावे सोडून त्याला दूर हाकलून देतात. ज्याने बारा वर्षे नांगर ओढला, त्याला रस्त्यावर गाडीखाली येऊन मरू देणे, हा निरोप नव्हे. पोसणे झेपत नसेल तर पांजरपोळ किंवा गोशाळेत विचारा. पण नेण्याआधी स्वतः जाऊन पाहा. तेथे चारा, पाणी आणि सावली आहे ना?

पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचून घ्या. पुराची भीती असेल तर जनावर आधीच उंचावर न्या. पाणी गोठ्यात शिरू लागले तर दावे सोडा. सुटत नसेल तर विळ्याने कापा. सुटे जनावर पोहून जाऊ शकते. बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते. मात्र पाणी छातीला लागले असेल तर आत शिरू नका. तुमच्या जिवामागे तुमचे घर आहे.

जनावर आजारी पडले तर डागण्या देऊ नका. गुरांच्या दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. दवाखान्याची गाडी दारी येते. बसलेले जनावर उठत नसेल तर खाली पेंढा घाला. दिवसातून तीन-चार वेळा त्याची कूस बदला, म्हणजे अंगाला जखमा होत नाहीत. ते बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले तरी त्याला एकटे टाकू नका. रोज जो हात वैरण घालत होता, तो हात त्याला ओळखीचा असतो.

माती कशी द्यावी?

पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकत. गिधाडे येत, आणि थोड्या वेळात हाडेच उरत. आता गिधाडे दिसत नाहीत. याचे कारण एक औषध आहे. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. अशी लाखो गिधाडे मेली. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण गेलेली गिधाडे लवकर परत येत नाहीत. म्हणून आज उघड्यावर टाकलेले जनावर सडते, त्याची घाण विहिरीत उतरते आणि मोकाट कुत्री वाढतात.

तेव्हा जनावर पुरावे, हेच बरे. जागा विहीर, नाला आणि वस्तीपासून दूर बघावी. खड्डा खोल हवा. साथीच्या रोगाने मेले असेल तर आठ फूट खोल करावा. खाली आणि वर चुन्याची भुकटी टाकावी. माती दाबून वर दगड आणि काटेरी फांद्या रचाव्यात, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त येत असेल, तर त्याला हात लावू नका. कातडे तर मुळीच काढू नका. तो काळपुळीचा रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. आधी डॉक्टरांना बोलवा.

पुराने किंवा विजेने जनावर मेले तर सरकारची मदत मिळते. २०२१ साली बैलाला २५ हजार आणि दुभत्या गायीम्हशीला ३० हजार रुपये असा दर होता. पुढे हा दर बदलला आहे, तो तलाठ्यांना विचारावा. पण पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. कानातला बिल्ला काढून टाकू नका. त्यावरच्या बारा आकड्यांवरून जनावर तुमचे असल्याचे ठरते. दुःखात हे सुचत नाही, म्हणून आताच लक्षात ठेवा.

नंतर

माती दिल्यावर घरातल्या सगळ्यांनी थोडा वेळ तेथे थांबावे. एकेक मूठ माती टाकावी. त्याने काय काय केले ते बोलावे. कोणती विहीर खणताना तो होता, कोणत्या लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी त्याने ओढली, ते मुलांना सांगावे. जोडीतला मागे राहिलेला बैलही काही दिवस चारा कमी खातो. त्याच्याजवळ थोडे जास्त थांबावे. लगेच दुसरे जनावर आणण्याची घाई करू नये. पण शेतीचे काम अडले आणि आणावे लागले, तर त्यात पहिल्याचा अपमानही नाही.

ज्या घरची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, त्या घरी पुढच्या वर्षी नवी जोडी आली. तरी पोळ्याला घरधनीण मातीचे दोन बैल करतेच. आधी ते पुजते, मग दारची जोडी. आम्ही तिला कारण विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, यायनाऱ्याला ओवाळायचं, तसं गेलेल्यालाही हात जोडायला हवेत ना."

आम्ही घरी आलो. आबांची पेटी उघडली. हौश्याची घुंगरमाळ काढून पुसली आणि देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला टांगली. आमच्याकडून राहिलेला निरोप इतक्या वर्षांनी असा पुरा झाला. तुम्ही इतका उशीर करू नका.