खूण खरेपणाची की मालकाची?

सराफाकडे दागिना घेताना आपण त्यावरचा हॉलमार्क पाहतो. पूर्वी तो शिक्का सोन्याचा कस सांगे. दागिना नेमका कोणता, हे सांगत नसे. २०२१ पासून मात्र प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी निराळा क्रमांकही कोरला जाऊ लागला. या दोन खुणांमधला फरक मला खरा उमगला तो संगणकातल्या चिपविषयी वाचताना.

आजच्या बहुतेक फोनांत व संगणकांत एक सुरक्षा-चिप असते. तिच्या पोटातली गुप्त किल्ली बाहेर पडत नाही. समोरचा संगणक दर वेळी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर किल्लीने सही करते, आणि जोडीच्या जाहीर किल्लीने ती सही पडताळली जाते. आकडा नवा असल्याने कालची चोरलेली सही आज चालत नाही.

पण किल्ली एकाच यंत्राची असेल, तर जेथे जेथे ती सही द्यावी तेथे तेथे ‘हाच तो’ हे कळणार. १९९९ साली इंटेलने पेंटियम-३ मध्ये प्रत्येक प्रोसेसरला वाचता येणारा वेगळा क्रमांक दिला, तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब झाला! बहिष्काराची हाक दिली गेली. पेंटियम-४ मध्ये तो क्रमांक राहिला नाही.

२००४ मध्ये ब्रिकेल, कामेनिश आणि चेन यांनी एक गणिती तोड काढली. चिप ‘मी खऱ्या चिपांपैकी एक आहे’ एवढेच सिद्ध करते. कोणती, ते सांगत नाही. त्यातले गणित माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरून गेले, हे कबूल करतो. मला आवडला तो फायडो पद्धतीतला साधा उपाय. तेथे प्रत्येक संकेतस्थळासाठी किल्ली निराळी. आणि खरेपणाची किल्ली मात्र निदान एक लाख यंत्रांत सारखीच ठेवावी, असा दंडक. गर्दीत एकटा माणूस ओळखू येत नाही, तसेच हे. मात्र एका यंत्रातून ती किल्ली कोणी काढली, तर लाखभर निरपराध यंत्रांवरचा विश्वास उडतो.

शिवाय खुद्द चिपच चुकली तर? २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या काही चिपांत किल्ल्या घडवण्याच्या रीतीतच दोष सापडला. चिप न फोडता, नुसत्या जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे शक्य होते. एस्टोनियाने त्या नोव्हेंबरात सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित केली. पत्रे तीच राहिली, चिपाही त्याच. लोकांनी घरबसल्या किंवा कचेरीत जाऊन दुसऱ्या रीतीच्या नव्या किल्ल्या त्यांत भरून घेतल्या.