पासावर दोन नावं

न्हावा शेवा बंदरात कामाला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराने गळ्यातला पास नीट वाचला, तर त्यावर बहुधा दोन नावं सापडतात. एक ज्याच्या आवारात काम चालतं त्या टर्मिनलचं, आणि दुसरं ठेकेदाराचं. कामगारांचे बहुतेक गैरसमज या दोन नावांमधूनच निघतात. पगार थकला की टर्मिनलवाले म्हणतात, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, वरून बिल पास झालं नाही. आणि कामगार मनाशी ठरवून टाकतो, की आपण ठेकेदाराचे, आपल्याला कायदा नाही.

हे या मातीत घडावं, याचं जास्त वाईट वाटतं. हे बंदर उरणच्या शेतकऱ्यांच्या आणि मिठागरवाल्यांच्या जमिनींवर उभं आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघर परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झालं, 1999 मध्ये पहिलं खासगी टर्मिनल आलं आणि 2022 मध्ये बंदराचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही खासगी भागीदाराकडे गेलं. आज लॅशिंग (कंटेनर बांधणं), सफाई, सुरक्षा, ट्रेलर चालवणं, सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर गोदामात, कंटेनर भरणं-रिकामा करणं अशी बरीच कामं ठेकेदारामार्फत होतात. ज्यांच्या आजोबांची जमीन गेली, त्यांचा नातू त्याच जमिनीवर ठेकेदाराच्या हजेरीवहीत सही करतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले. नावं बदलली, काही हक्क वाढले, काही ठिकाणी मालकाला सवलत मिळाली. पण ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालतं त्याने, तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातलं तत्त्व या चारपैकी एका संहितेतही टिकलं आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा हा भाग 50 किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतो. बंदरातल्या मोठ्या ठेक्यांमध्ये ही संख्या सहज भरते. ज्या ठेकेदाराला परवाना बंधनकारक आहे आणि त्याने तो काढलेलाच नाही, त्याच्यामार्फत लावलेले कामगार मूळ मालकाचेच मानले जातात. म्हणून ठेकेदाराचा परवाना आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो एकट्याने विचारण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून लेखी विचारावा.

याच संहितेतली एक व्याख्या न्हावा शेव्यासाठी फार मोलाची आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला संहिता सर्वसाधारणपणे मनाई करते. मुख्य कामात न धरल्या जाणाऱ्या कामांची यादीही तिथे आहे: सफाई, सुरक्षा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं वगैरे. ही यादी दाखवून कुणी म्हणेल, बघा, चढ-उतार मुख्य काम नाहीच. पण यादीच्या आधीच अट घातलेली आहे, की ती आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसेल तरच ही सूट. कापड गिरणीसाठी माल उतरवणं हे पूरक काम असेल. बंदर मात्र माल चढवायला-उतरवायलाच बांधलेलं असतं. नेहमी ठेकेदारामार्फतच होणारी कामं, कामाचा अचानक वाढलेला बोजा असे अपवाद कायद्याने ठेवले आहेत, त्यामुळे मालकाकडेही उत्तर असेल. तरीही हा वाद सरकारपुढे मांडता येतो, आणि इथल्या संघटनांनी तो जोर लावून मांडला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

सगळ्यात पसरलेला गैरसमज मात्र 240 दिवसांचा. “दोनशे चाळीस भरले की कायम” हे वाक्य करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. बारा महिन्यांत 240 दिवस काम केलं की ती सलग सेवा धरली जाते. मग कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे 240 दिवसांनी संरक्षण मिळतं. कायमपणा आपोआप मिळत नाही. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2006 च्या उमादेवी खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याआधी 2001 मध्ये स्टील अथॉरिटी विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स या खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं, की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाकडे कायम होत नाहीत. पण ठेका नुसता कागदोपत्री असेल, प्रत्यक्षात नेमणारा, राबवणारा आणि शिक्षा करणारा मूळ मालकच असेल, तर कामगार त्याचेच ठरतात. म्हणून रोजची पाळी कोण लावतं, रजा कोण मंजूर करतं, व्हॉट्सअॅपवर हुकूम कुणाचे येतात, याची नोंद जपून ठेवावी. दिवस मोजतानाही एक चूक होते. आठवड्याची सुट्टी धरायची नाही असं ठेकेदार सांगतो. पण रविवार आणि पगारी सुट्ट्या 240 मध्ये धराव्या लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं आहे.

“तू सुपरवायझर आहेस, तुला कामगार कायदा नाही.” हेही सर्रास ऐकवलं जातं. चेकरला बढतीच्या नावाखाली सुपरवायझर म्हणायचं आणि काम तेच करून घ्यायचं, असे प्रकार होतात. न्यायालय पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. खरोखर देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. पण वेतन संहिता त्यालाही लागू आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, नोकरी सोडली किंवा काढलं तर सगळा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत, जादा कामाचे दुप्पट दराने पैसे. फुल-अँड-फायनलसाठी तीन-तीन महिने खेटे घालणाऱ्यांनी ही दोन दिवसांची मुदत पाठ करून ठेवावी.

ट्रेलरचालकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फेरीमागे पैसे मिळतात, म्हणून आपण नोकर नाही असं अनेक चालक समजतात. फेरीवर किंवा नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचं संरक्षण आहे. कंटेनरला पोचा आला, आरसा फुटला, की मालक पगारातून मनाला येईल तेवढी रक्कम कापतो. नुकसान चालकाच्या निष्काळजीपणाने झालं असलं पाहिजे, कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि एका पगार-कालावधीतली सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. दंड लावायचा तर पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर नाही. पहिल्या पाळीसाठी जासईहून दुचाकीवर निघालेल्या कामगाराचा रस्त्यात अपघात झाला, आणि वेळ, जागा व काम यांचा संबंध दाखवता आला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो, हे सामाजिक सुरक्षा संहितेने आता लिहून ठेवलं आहे.

पीएफबद्दल एवढंच, की ठेकेदार बदलला म्हणून पैसे बुडत नाहीत. यूएएन क्रमांक तोच राहतो. पगाराच्या चिठ्ठीवर तो रकाना कोरा असेल किंवा मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापलेला दिसत असेल, तर तिथेच थांबून विचारा. मालकाचा हिस्सा कामगाराकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. हमाली करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा स्वतंत्रपणे चालू आहे. तो राज्याचा असल्यामुळे नव्या संहितांनी तो रद्द झालेला नाही.

आता तक्रार कुठे करायची. बंदर उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. म्हणून सगळे पनवेलच्या राज्य कामगार कार्यालयात जातात. मोठ्या बंदरांसाठी मात्र केंद्र सरकार हेच योग्य शासन आहे, आणि औद्योगिक वादांत बंदराच्या ठेकेदारांची आस्थापनाही त्यातच येते. बंदरातल्या कामगारांसाठी दार आहे ते मुंबईत सायनला, श्रम रक्षा भवनात, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेचं. बंदराबाहेरच्या खासगी गोदामाचा कामगार मात्र राज्याच्या कार्यालयात जाईल. किमान वेतनही यावरच ठरतं. केंद्राच्या यादीत 1 ऑक्टोबर 2024 पासून चढ-उताराच्या अकुशल कामाला अ वर्ग भागात दिवसाला 783 रुपये होते, आणि महागाई भत्ता दर एप्रिल व ऑक्टोबरमध्ये बदलतो. आपला भाग कुठल्या वर्गात आणि आजचा दर किती, ते तिथे विचारून घ्यावं.

मुदतीकडे लक्ष ठेवा. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. कामावरून काढल्याचा वाद मात्र दोन वर्षांत न्यावा लागतो. जुन्या कायद्यात न्यायाधिकरणाकडे थेट जायला तीन वर्षं होती. ठेकेदार “बघू, बघू” म्हणत वर्ष काढतो तेव्हा या दोनमधलंच एक वर्ष जात असतं.