अश्वसहवास आणि वाट चुकलेली मुले

अठरा वर्षांखालील ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला बाल न्याय अधिनियम, 2015 गुन्हेगार म्हणत नाही; त्याच्यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा वापरतो आणि शिक्षेपेक्षा पुनर्वसनाला, म्हणजे घरात, शाळेत व समाजात त्याला पुन्हा उभे करण्याला, प्राधान्य देतो. नाशिकमध्ये उंटवाडी परिसरात अशा मुलांसाठी निरीक्षणगृह आहे, आणि याच शहरात डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये सुरू केलेल्या भोसला सैनिकी शाळेला अश्वारोहणाच्या शिक्षणाची परंपरा आहे. घोडा आणि अडचणीत सापडलेले मूल एकाच शहरात असताना त्यांची गाठ घालून देण्यात काही अर्थ आहे का, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

अश्वोपचाराच्या आधुनिक इतिहासात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे नाव आदराने घेतले जाते. 1944 मध्ये पोलिओ होऊन त्यांच्या गुडघ्यांखालच्या भागातील शक्ती गेली, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणाच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, रौप्यपदक पटकावले. घोड्याच्या चालीचा शारीरिक उपचारासाठी उपयोग करण्याच्या पद्धतीला ‘हिप्पोथेरपी’ म्हणतात. बिथरलेल्या किशोरांसाठीची पद्धत हिच्याहून वेगळी आहे. तिला अश्वसहाय्यित मानसोपचार म्हणतात. तीत समुपदेशक आणि अश्वतज्ज्ञ दोघेही हजर असतात आणि पुष्कळदा मूल घोड्यावर बसतही नाही, जमिनीवर उभे राहूनच काम करते.

या कामाचे मर्म घोड्याच्या स्वभावात आहे. हिंस्र पशूंचे भक्ष्य म्हणून घडलेल्या या प्राण्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे नाकासमोरची व शेपटीमागची थोडी जागा सोडली, तर त्याला जवळजवळ चौफेर दिसते, आणि माणसाच्या अंगातला ताण त्याच्या लगेच लक्षात येतो. खूर साफ करण्याचे साधे काम पाहिले तरी हे कळते. मुलाने खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, हात पायावरून सावकाश खाली न्यावा आणि घोडा वजन सरकवून पाय हाती देईपर्यंत थांबावे. मग आकडीने खुरातली माती व खडे काढावेत. घाईने पाय ओढला, तर घोडा तो हिसकावून घेतो. रागाने काम बिघडते आणि धीराने ते होते, हा अनुभव तिथल्या तिथे येतो, शिवाय त्यात अपमान नसतो. ज्या मुलाच्या वाट्याला शिव्या आणि मारच आला, त्याला खरारा करणे, पाणी पाजणे आणि वेळेवर चंदी देणे ही कामे सोपवली की आपल्यावर कोणीतरी अवलंबून आहे, ही जाणीव त्याला कदाचित पहिल्यांदाच होते.

संशोधनाचा कौल मात्र जपून वाचावा लागतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 आठवड्यांच्या अश्वकार्यक्रमातील शाळकरी मुलांमध्ये कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे दुपारचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी आढळले. पण त्याच वर्षी मायकेल अनेस्टिस व सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात मानसिक विकारांवरील अश्वोपचारांचा पुरावा कच्चा असल्याचे दाखवून दिले. म्हणून घोडा समुपदेशकाची किंवा औषधाची जागा घेऊ शकत नाही. जोडीला येणारे साधन म्हणूनच त्याचा विचार व्हायला हवा.

महाराष्ट्राला घोड्याचे ज्ञान उसने आणावे लागणार नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून चालणाऱ्या धनगर कुटुंबांतली मुले लहानपणापासून जनावर हाताळायला शिकतात, आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या ज्ञानाला प्रशिक्षित समुपदेशक, शांत व सुदृढ घोडे, डोक्याला शिरस्त्राण आणि पशुवैद्याची देखरेख यांची जोड हवी. वरातीत राबून थकलेले जनावर या कामाला लावणे मुलावर आणि घोड्यावर सारखाच अन्याय करणारे ठरेल.

बाल न्याय कायद्याने पुनर्वसनात समुपदेशन, कौशल्यविकास व क्रीडा यांना जागा दिलेलीच आहे. नाशिकमधील अश्वारोहण संस्था, मानसोपचारतज्ज्ञ आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकत्र येऊन मोजक्या मुलांसाठी असा उपक्रम सुरू करावा, त्याच्या परिणामांची काटेकोर नोंद ठेवावी आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते लोकांसमोर मांडावेत.