मासळीच्या घरातली शिवराक

आमच्या कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षात नवा कोणी रुजू झाला, की आठ-पंधरा दिवसांत डबे उघडताना तो मला हमखास विचारतो, "बाई, तुम्ही वेंगुर्ल्याकडच्या ना? मग डब्यात मासे कसे नाहीत?" पूर्वी मी या प्रश्नाला माणूस पाहून उत्तर देत असे. विचारणारा भाविक दिसला तर दत्तगुरूंचे नाव घ्यायचे, आधुनिक दिसला तर भूतदयेचे. दोन्ही उत्तरे खोटी. खरी हकीकत एवढीच, की वयाच्या पंधराव्या वर्षी मी घाबरले, आणि त्या भीतीला पुढे कित्येक वर्षे तत्त्व म्हणत राहिले.

आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांचे. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. आमच्याकडे दिवसाचे प्रकार दोनच: मासळीचा आणि शिवराकाचा. शिवराक म्हणजे मासळी-मटणाविना जेवण. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि सारा श्रावण शिवराक. उरलेल्या दिवशी बांगडा, सरंगा, बोंबील, तिसऱ्या, जे बाजारात ताजे मिळेल ते. आणि मासळीच्या दिवशी भाजीदेखील निखळ भाजी राहत नसे. भेंडीत चार सुंगटे, वांग्यात सुकट, दोडक्यात जवळा. सुंगटे म्हणजे कोळंबी, पण आमच्या घरात कोळंबी म्हटले, की आजी "कोण आला गो पुण्यासून?" असे विचारी.

1992 साली, मी बारा वर्षांची असताना, कुर्ल्यांचे सांबार जेवून उठले आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या. ओठ जाड झाले. आजीने एकदाच पाहिले नि म्हणाली, "पित्त झाला हा. सोला भिजत घाला." आमसुलाचे पाणी माझ्या अंगाला चोळण्यात आले, आणि तासाभराने गांधी बसल्याही. पुढच्या रविवारी सुंगटांची उसळ झाली, पुन्हा गांधी, पुन्हा आमसुले. तिसऱ्या खेपेला आईने ओळखले, की हे पित्त नव्हे, वावडे आहे. आजीला ते मुळीच पटले नाही. "आमच्या सात पिढ्यांत कोणाक सुंगटांचा वावडा नाय," असे ती सर्वांना ऐकवी, जणू मी घराण्याच्या नावाला बट्टा लावला होता.

मराठीचा धडा देण्याची खोड आहे म्हणून सांगते. वावडे हा शब्द मला ॲलर्जीपेक्षा फार आवडतो. परंतु त्याचे एक वाईट आहे. कारल्याचेही वावडे असते आणि सासूचेही! त्यामुळे 'हिला अमक्याचे वावडे आहे' असे सांगितले, की ऐकणारा हसून म्हणतो, "अहो, घ्या हो थोडेसे, काही होत नाही." ॲलर्जी हा शब्द 1906 साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. त्याच्याही आधी, 1902 साली, शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. समुद्रपुष्पाचे विष एकदा पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी अल्प प्रमाणात टोचले, तर सराव होऊन ते सोसण्याऐवजी तो काही मिनिटांत मरे. शरीर शत्रूला ओळखण्यात चुकते आणि स्वतःचेच घर पेटवते, असा तो प्रकार. या शोधासाठी रिशेला 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या बाबतीत शरीराने जो शत्रू ठरवला होता त्याचे नाव ट्रोपोमायोसिन. हे प्रथिन सुंगटे, कुर्ल्या, शेवंड या कवचवाल्या मंडळींच्या स्नायूंत असते. शिजवल्याने ते मरत नाही, शिजवलेल्या पाण्यात आणि तेलात उतरते, आणि भांड्यावरच्या वाफेबरोबरसुद्धा काहींच्या नाकातोंडात जाते. सुरमई-पापलेटाचा त्याच्याशी संबंध नाही. माशांची ॲलर्जी निराळ्या प्रथिनाने होते. म्हणजे मी सरंगा खुशाल खाऊ शकत होते. आमच्या डॉक्टरांनी हे तेव्हाही आईला सांगितले होते.

मग मी मासे का सोडले?

1995 च्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नानिमित्त सगळे एका खाणावळीत जेवायला गेलो. मी विचारून, खात्री करून, फक्त तळलेली सुरमई मागवली. दुसऱ्या घासाला जिभेला मुंग्या आल्या. त्याच कढईत, त्याच तेलात आधी सुंगटे तळली होती, हे नंतर कळले. घसा आतून आवळत चालला, आवाज बसला, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बाबांनी मला उचलून समोरच्या दवाखान्यात नेले. तेथल्या डॉक्टरांनी विलंब न लावता ॲड्रेनलिन टोचले, म्हणून आज हा लेख लिहीत आहे. (हे इंजेक्शन तेव्हा त्यांनी दंडात दिले होते, आता ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यावे असे सांगतात. घरात असे कोणी असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून हे नीट समजून घ्यावे. त्या क्षणी आमसुले शोधत बसू नये.) इंजेक्शनानंतर छातीत धडधड सुरू झाली आणि श्वास मोकळा झाला. बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, तेवढे मला अजून स्वच्छ दिसते.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केले, की आजपासून मी शिवराक. मासे नाहीत, मटण नाही, अंडेही नाही.

अंड्याने माझे काय बिघडवले होते? काहीच नाही. परंतु पंधराव्या वर्षी माणसाला अर्धवट काही करता येत नाही. "मला भीती वाटते" असे म्हणण्यापेक्षा "मी सोडले" असे म्हणण्यात रुबाब होता. मैत्रिणींना मी प्राण्यांच्या यातनांविषयी सांगू लागले. तळलेल्या बांगड्याचा वास आला की मान वळवू लागले. आपल्या बहिणी-मुलींपैकी कोणी या वयात एकाएकी काही खायचे सोडले असेल, तर तिच्या व्याख्यानाकडे फार लक्ष देऊ नका. व्याख्यान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय घडले, ते शोधा.

आईने भांडण केले नाही. तिने माझ्यासाठी वेगळी कढई, वेगळा तवा आणि वेगळी विळी आणली. दोन खोल्यांच्या घरात हे म्हणजे दोन संसार थाटण्यासारखेच. वाढत्या मुलीला प्रथिने कोठून मिळणार ही तिची चिंता. आठवड्यातून तीनदा कुळथाची पिठी होऊ लागली, नाचणीच्या भाकऱ्या होऊ लागल्या, काळ्या वाटाण्याचे सांबार तर इतके झाले, की भावाने असहकार पुकारला. एवढे करून बी-12 जीवनसत्त्व राहिलेच. ते वनस्पतींत जवळजवळ नसते. थोडेफार दुधा-दह्यात मिळते, पण मला ते पुरले नाही, आणि तिशीत हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. आणि सुंगटे? ती आमच्या घरी येईनाशी झाली. कोणी काही बोलले नाही. आजी म्हणे, "माका आता दात नाय, सोलूची कोणी?" त्याच दातांनी ती संध्याकाळी फुटाणे खात असे.

चाळीतल्या वरच्या मजल्यावरील एका बाईंना मात्र फार आनंद झाला. त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "बरं केलंस हो. चांगले संस्कार. आता आमच्याकडे जेवायला येत जा, अगदी आत स्वयंपाकघरात बसून." मी फुशारून गेले. घरी येऊन आईला सांगितले. आई पोळपाटावर पीठ भुरभुरत होती. ती एवढेच म्हणाली, "वीस वर्षं झाली गो मला या चाळीत येऊन. त्यांचं स्वयंपाकघर कसं आहे ते मला सांग." मी काय केले आहे, हे तेव्हा मला प्रथम थोडेसे कळले. एका घासाच्या भीतीपायी मी आईला एका पायरीखाली उभे केले होते, आणि वरच्या पायरीवरून बक्षीस घेत होते.

पण गर्वाचे घर खरोखर खाली झाले ते पुढच्या वर्षी, आणि तेही आषाढी एकादशीला.

दादरला माझी एक मैत्रीण राहत असे. मंडळी मूळची साताऱ्याकडची. तिच्या आईने फराळाला बोलावले. एकादशीचे ताट; याहून निर्धोक अन्न जगात कोठे असणार? साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. मी पोटभर जेवले, आणि हात धुता धुता पुन्हा तोच आवळता घसा, तीच शिट्टी. टॅक्सी करून इस्पितळात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी माझी जुनी हकीकत ऐकून पहिला प्रश्न केला, "कोळंबी खाल्ली होती का?" काकू एवढ्या घाबरलेल्या असतानाही संतापल्या: "अहो, आज एकादशी आहे!"

शेंगदाण्याने माझ्या तोंडाला खाज सुटते, घसा खवखवतो, हे लहानपणापासून सर्वांना ठाऊक होते. पण त्यावर आजीचा निर्णय तयार असे: दाण्यांवर पाणी प्यायलीस. दाण्यांवर पाणी प्यायले की खोकला होतो, हे ज्या घरात सांगितले जात नाही ते मराठी घर नव्हे. शिवाय आमचा स्वयंपाक नारळाचा. वाटणात खोबरे, आमटीत खोबरे. दाण्यांचा डबा आमच्याकडे कोपऱ्यात पडून असे. मी मासळी सोडून घाटावरच्या शाकाहारी ताटाकडे वळले, आणि नेमकी दाण्याच्या मुलखात शिरले. पुढे हातावर थेंब टाकून टोचण्याची चाचणी झाली. सुंगटे, कुर्ली आणि शेंगदाणा, तिन्ही ठिकाणी फुगवटे उठले. काजू-बदाम सुटले, हे नशीब.

शेंगदाणा हा कठीण कवचाच्या फळांतला नव्हे, कडधान्याच्या कुळातला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच. आमच्या उपवासाच्या ताटाइतके परदेशी ताट दुसरे नसेल! असो. महाराष्ट्रात शाकाहारी राहून दाण्याचे कूट चुकवणे म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. भरली वांगी, अळूचे फदफदे, खमंग काकडी, चिवडा, दाबेली, लसणीची चटणी. घाण्याच्या तेलात दाण्याचे प्रथिन राहते; रिफाइंडमध्ये जवळजवळ राहत नाही. पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून लोक मला सांगतात, "घ्या, शुद्ध शाकाहारी आहे." त्या ठिपक्याचा मला काय उपयोग? मला बारीक अक्षरे वाचावी लागतात. 2020 च्या लेबलांविषयीच्या नियमांत शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, सोयाबीन यांचा उल्लेख पुड्यावर वेगळा करणे बंधनकारक झाले. लग्नाच्या पंगतीत मात्र लेबले नसतात. तेथे आचाऱ्याला गाठावे लागते, आणि तो छातीवर हात ठेवून सांगतो, "ताई, कूट नाही, फक्त थोडं चवीपुरतं."

आता मी काही कोणाला मासळीचा वास येतो म्हणून मान वळवत नाही. आजही मी शिवराकच आहे; आता मासे मला खावेसे वाटत नाहीत, एवढेच कारण, आणि ते सांगायला लाजही वाटत नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 2011 साली माझ्या मुलीच्या बारशाला लालबागची मावशी आली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "तुझी आई महिन्यातून एकदा आमच्याकडे येते, ती काय माझं तोंड बघायला?" आई सोळा वर्षे दर महिन्याला मावशीकडे जाऊन सुंगटे खात होती. आणि परत निघण्यापूर्वी तेथेच अंघोळ करून, लुगडे बदलून, मग घरी येत होती. मी आईकडे पाहिले. तिने मावशीकडे पाहिले. "तुका कोणी इचारलेला?" एवढे तिला म्हणून ती घुगऱ्या वाटायला उठून गेली.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दिवाळीचा चिवडा अजून तीच करते, दाण्यांऐवजी डाळे आणि सुके खोबरे घालून. वाण्याकडच्या डाळ्यांत एखादा शेंगदाणा मिसळलेला असतो, म्हणून चष्मा लावून ताटात सगळे निवडते. माझ्या मुलीला कशाचेच वावडे नाही. यंदा भाऊबीज झाली की आजी-नात दोघी लालबागला जाणार आहेत. परत येण्यापूर्वी हात कसे धुवायचे, कोणते कपडे पिशवीत न्यायचे, हे आईने तिला आतापासूनच बजावून ठेवले आहे.