उसातले बिबटे मोजायचे कसे?

राजुरीच्या उसात बिबटे किती? सगळे दिसणार नाहीत, पण अंदाज काढता येतो. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या फोटोवरून ओळख पटते.

समजा, पहिल्या फेरीत 10 बिबटे आले. दुसऱ्या फेरीत 8, त्यातले 4 आधीचेच. म्हणजे दुसऱ्या फेरीतले निम्मे ओळखीचे. मग पहिले 10 एकूण संख्येच्या साधारण निम्मे असणार. उत्तर 20.

गणित सोपंय, गृहीतक अवघड. प्रत्येक बिबट्या कॅमेऱ्यात येण्याची शक्यता आपण सारखीच धरलीय. पण काही बिबटे कॅमेऱ्याच्या वाटेने रोजच येत असतील, काही कधीच नाही, तर ओळखीचेच जास्त भेटतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. कमी अंदाजावर गावाची तयारीही कमी पडते. म्हणून सूत्राआधी गृहीतक लिहा.