ट्रंकेंतील लुगडें आणि आजची कचेरी

जुन्या ट्रंकेंत एखादें नऊवारी इरकली लुगडें अजूनहि निघतें. काळसर अंग, लाल पदर आणि आजीच्या हातची घडी! नोकरी करणाऱ्या नातीच्या मनांत तें पाहतांच दोन विचार एकदम उठतात: हें कचेरींत नेसतां आलें तर किती बरें, पण त्याकरितां याला कात्री कशी लावावी?

निर्णयापूर्वीं वस्त्राची घडण समजून घ्यावी. इरकल हें नांव कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांतल्या इलकल या गांवावरून आलें. जुन्या धर्तीच्या इरकलीचें अंग बहुधा सुती, कांठ रेशमी अथवा कृत्रिम रेशमाचे, आणि पदर लाल रेशमाचा, पांढऱ्या नक्षीचा असतो. अंगाचा ताणा व पदराचा ताणा निराळे असून ते फांसे अडकवून एकमेकांत गुंतविलेले असतात. या जोडास विणकर ‘तोप तेणी’ म्हणतात. हा जोड मागावरचा. शिवणयंत्रानें तो पुन्हां साधत नाहीं. म्हणून पदराच्या बाजूनें कात्री कधींच चालवूं नये.

नऊ वार म्हणजे सुमारें ८.२ मीटर. परकरावर नेसावयाच्या साडीस ६ वार, म्हणजे सुमारें ५.५ मीटर पुरतात. पदराविरुद्धच्या टोकाकडून ३ वार काढल्यास पदरासह साडी शिल्लक राहते, आणि काढलेल्या भागांत पोलकें किंवा बिनबाह्यांचें जाकीट बेततां येतें. मात्र असें लुगडें पुन्हां काष्टा घालून पूर्वीसारखें नेसतां येणार नाहीं.

या पेचांतून जुन्या घरांतील रीतच वाट दाखविते. लुगडें मध्येंच विरलें, कीं तेवढा भाग कापून धड तुकडे शिवणीनें जोडीत. यास दंड घालणें म्हणत. तेंहि जीर्ण झालें, कीं त्याची गोधडी होई. आजीच्या पिढीनें कात्री वर्ज्य मानली नव्हती; ती विरलेल्या भागावर चालविली, धड वस्त्रावर नव्हे. हाच नियम नातीनें पाळावा. लुगडें उजेडासमोर धरून पाहावें. सबंध असेल तर तसेंच राखून सणासुदीस नेसावें, आणि कचेरीकरितां नवी सहावारी इरकल घ्यावी. मध्यें विरलें असेल, तर निःशंकपणें कापून दंड घालावा. तो निऱ्यांत लपतो.

धुण्यापूर्वीं ओलें पांढरें फडकें कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो कीं काय, हें पाहावें. ठेवतांना घड्या अधूनमधून बदलाव्या, कारण रेशीम प्रथम घडीवरच तुटतें.

ज्यांना कामावर साडी सोयीची वाटत नाहीं, त्यांना खण उपयोगी पडतो. त्याच जिल्ह्यांतील गुळेदगुड्ड येथें विणल्या जाणाऱ्या या चोळीच्या कापडाचा पन्हा लहान. पण साध्या सुती कुडत्यावर त्याचें जाकीट शोभून दिसतें. मात्र अंगावर एक वस्तु जुनी असली, कीं बाकीचा वेष साधा व आजचा असावा. इरकलीबरोबर नथ, अंबाडा आणि ठुशी एकदम आली, तर कचेरींत स्नेहसंमेलन आहे असेंच शेजारच्या मेजावरील माणसास वाटेल. साध्या पोलक्यावर इरकल नेसून ती फायली हातावेगळ्या करूं लागली, म्हणजे आजीचें वस्त्र पुन्हां रोजच्या कामाचें झालें. तेंहि पूर्वीं रोजच्या कामाचेंच होतें.